कितवा नंबर आला?

(बी. ए. भाग २)

आपल्याकडे कोणीही काहीही करून घरी परतला की त्याला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘कितवा नंबर आला?’ पोरगं पहिलीतून दुसरीत गेलं तरी हाच प्रश्न, वक्तृत्व स्पर्धेहून आलं तरी हाच आणि गडी बैलगाडीच्या शर्यतीहून परतला तरी हाच. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट कौतुक करायला तो उत्सुकच असतो, फक्त त्याला कौतुकासाठी एक आकडा हवा असतो. तरीही या प्रश्नाविषयी माझी एक तक्रार आहे आणि ती आपल्या वार्षिकाच्या पानांवर मांडण्याचं धाडस करतो. हा प्रश्न फार तर पहिल्या तिघांच्या उपयोगाचा आहे. बाकीच्यांजवळ त्याला सांगण्यासारखं उत्तर नसतं. आणि ज्याच्याजवळ उत्तर नसतं तो पुढच्या वेळी जातच नाही!

ही तक्रार करण्याचा अधिकार मला कुठून मिळाला, ते आधी सांगतो.

ट्रायथलॉन नावाचा एक खेळ आहे. आधी पोहायचं, पाण्याबाहेर येऊन ओल्या अंगानं सायकलवर बसायचं आणि सायकल टाकून लगेच धावत सुटायचं. यातल्या मध्यम पल्ल्याच्या शर्यतीत १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं असतं. म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावात शहात्तर वेळा इकडून तिकडं जायचं, मग जवळजवळ कोल्हापूरहून सांगलीला जाऊन परत यावं एवढी सायकल मारायची आणि त्यावर अर्धी मॅरेथॉन धावायची. हे सगळं साडेआठ तासांत. शिवाय मध्येही दोन फाटकं असतात. पोहणं एक तास दहा मिनिटांत संपलं पाहिजे आणि सायकल सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत परत आली पाहिजे. नाही आली, तर पुढं सोडत नाहीत.

गेल्या वर्षी मी भाग एकला असताना अशाच एका शर्यतीत उतरलो होतो. शर्यत मोठ्या नावाची नव्हती. एका धरणाच्या जलाशयात पोहणं आणि भोवतालच्या रस्त्यांवर बाकीचं. पोहून मी अठ्ठावन्न मिनिटांत वर आलो. सायकलवर बासष्टाव्या किलोमीटरपर्यंत सारं ठीक होतं. मग एका खडबडीत उतारावर मागच्या चाकाच्या तीन तारा तडातड तुटल्या. चाक वाकडं होऊन ब्रेकला घासू लागलं. मी ब्रेक सैल केला आणि तसंच हेलकावे खात चालवत राहिलो. शर्यतीच्या शेवटी एक गाडी असते. सगळ्यांत मागे राहिलेल्याच्या मागून ती येते. ती शेवटचे वीस किलोमीटर माझ्या मागून येत होती. सायकल ठेवायच्या जागी मी पोचलो तेव्हा पाच तास चव्वेचाळीस मिनिटं झाली होती. चौदा मिनिटं उशीर. एका स्वयंसेवकानं वाकून माझ्या घोट्याला बांधलेली वेळ मोजायची चिप सोडून घेतली. माझ्यासमोर धावण्याचा रस्ता मोकळा होता, आणि मला त्यावर पाऊल टाकता येत नव्हतं.

घरी आलो. वडील मागावरची रात्रपाळी करून नुकतेच आले होते. त्यांनी विचारलं, “काय रं, कितवा लंबर आला?”

आता काय सांगणार? नंबर यायला आधी शर्यत पुरी व्हावी लागते. यादीत माझ्या नावापुढे आकडाच नव्हता, ‘अपूर्ण’ अशा अर्थाची तीन इंग्रजी अक्षरं होती.

आमच्या घराला हा शब्द नवा नाही. आमच्या आजोबांनी खणायला घेतलेली विहीर पंधरा हातांवर कातळ लागल्यामुळे तशीच राहिली. वडिलांची शाळा सातवीला सुटली. थोरल्या बहिणीनं बारावीचा फॉर्म भरला होता, पण त्या मे महिन्यात स्थळ आलं. यातलं कोणीही आळशी नव्हतं, कोणाची बुद्धीही कमी नव्हती. प्रत्येकाच्या वाटेत कुठं ना कुठं तीन तारा तुटल्या आणि फाटक बंद झालं, एवढंच. घरातला मी पहिलाच कॉलेजात आलेला. त्यामुळे आमच्याकडे पहिलं येण्यापेक्षा पुरं करणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण आमच्याकडची माणसंसुद्धा विचारताना नंबरच विचारतात, कारण जगानं त्यांना तोच प्रश्न शिकवला आहे.

पुढचे दोन महिने मी सायकलला हात लावला नाही. मग एक दिवस सायकलदुकानातल्या मामांनी निरोप धाडला, “चाक घेऊन ये.” माझी सायकल जुनी, दोन हात फिरून आलेली, उन्हाळ्याच्या सुट्टीत मांडववाल्याकडे काम करून घेतलेली. मामांनी ते चाक सगळं उसकटलं आणि छत्तीस तारांचं नवं चाक बांधायला घेतलं. एकेक तार पिळायची, चाक फिरवून बघायचं, पुन्हा पिळायची. मी म्हटलं, “मामा, किती वेळ?” ते म्हणाले, “गड्या, चाक पळवायची घाई न्हाई करायची. आधी आऊट काढायचा. सरळ फिरलं की मग आपणच पळतंय.” माझ्या वर्षभराच्या सरावाचं सारं सूत्र या दोन वाक्यांत होतं, असं आज वाटतं.

सरावाविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण कोणाला उतरायचं असेल तर उपयोगी पडेल. आमच्याकडची पोरं पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. मुटका मारणं, तळाची माती आणणं यांत आम्ही कोणाला हार जाणार नाही. पण आपण पोहतो मुंडकं वर काढून. डोकं वर राहिलं की कंबर आणि पाय खाली जातात आणि पाणी अंगाला अडवतं. तोंड पाण्यात ठेवून श्वास पाण्यातच सोडायचा आणि मान फक्त कडेला वळवून घ्यायचा, हे जमायला मला तीन महिने लागले. शिवाय जलाशयात तळाला रेघ नसते. दर आठदहा हातांनंतर मगरीसारखे डोळे वर काढून पुढचा तरंगता फुगा बघावा लागतो, नाहीतर १.९ किलोमीटरचे सव्वादोन कधी होतात ते कळत नाही.

सायकलवर खरा वैरी चढ नसून वारा असतो. वेग जसा वाढतो तसा हवेचा अडथळा त्याहून कितीतरी जास्त वाढतो. म्हणून अंग वाकवून, एका लयीत, न थांबता चालवणं हेच शहाणपण. दुसऱ्याच्या पाठीला चिकटून त्याच्या आडोशानं जायला या शर्यतीत बंदी आहे. ज्याचा वारा त्यानंच फोडायचा!

आणि सायकलवरून उतरून धावणं! तीन-चार तास पाय गोल फिरत असतात. जमिनीवर टेकले की ते आपले राहतच नाहीत. पहिले दोन किलोमीटर लाकडी पायांवर धावल्यासारखं वाटतं. त्याला उपाय एकच. आठवड्यातून एकदा सायकल मारून झाल्याबरोबर, पाणीसुद्धा बसून न पिता, वीस मिनिटं धावायचं. पायांना हळूहळू समजतं. खाण्यापिण्याचं म्हणाल तर दुकानातल्या महागड्या पुड्या मला परवडणाऱ्या नव्हत्या. केळी, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी यांवर माझं भागलं. घामातून नुसतं पाणी जात नाही, मीठही जातं, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

पहाटे साडेचारला उठून पोहणं किंवा धावणं, मग एस.टी.नं कॉलेज, संध्याकाळी सायकल, रात्री अभ्यास. रविवारी लांबची सायकल. अंतर दर आठवड्याला थोडंथोडंच वाढवायचं आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं, म्हणजे शरीराला सावरायला वेळ मिळतो. यात कसलंही शौर्य नाही. आई भांगलायला जाते तेव्हा ती सऱ्या मोजत बसत नाही, पुढची सरी धरते. तसंच हे.

शर्यतीची फी काही हजारांत होती. आईनं तिच्या भिशीचे पैसे माझ्या हातावर ठेवले. त्या पैशांतून घरावरचे दोन पत्रे बदलायचे होते. तिनं नंबराचं काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “औंदा पुरं करून ये बाबा.”

या वर्षी मी शर्यत पुरी केली. पोहणं बावन्न मिनिटं, सायकल तीन तास अठ्ठावन्न मिनिटं, धावणं दोन तास चव्वेचाळीस मिनिटं, आणि कपडे-बूट बदलायला दोन वेळा मिळून बारा मिनिटं. एकूण सात तास सेहेचाळीस मिनिटं. शेवटचे पाच किलोमीटर पळण्यापेक्षा चालणंच जास्त होतं. आता नंबर विचाराल, तर तो यादीत बराच खाली आहे, पहिल्या पानावर नाही. पण शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात एक पदक घालतात. पहिल्याला जे, तेच मला, आणि माझ्यामागून अर्ध्या तासानं आलेल्या, आमच्या सरांच्या वयाच्या एका गृहस्थांनाही तेच. ते येईपर्यंत आधी पोचलेली मंडळी उन्हात उभी राहून टाळ्या वाजवत होती. हा रिवाज मला या साऱ्या खेळातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

हा रिवाज या खेळाच्या जन्माला शोभणाराच आहे. ट्रायथलॉन या नावाची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बे इथे झाली. पुढे हवाई बेटांवर जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्यानं आणि त्यांच्या पत्नी ज्यूडी यांनी, तिथं आधीच होत असलेल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकापुढे एक जोडल्या. खरा दमसास कोणाचा, पोहणाऱ्याचा, सायकलवाल्याचा की धावणाऱ्याचा, हा वाद एकदाचा मिटवण्यासाठी! १८ फेब्रुवारी १९७८ रोजी तिथं १५ जण सुटले आणि १२ जण पोचले. गॉर्डन हॉलर पहिला आला. पण त्या बाकीच्या अकरांनी आपला दिवस वाया गेला असं मानलं असतं, तर हा खेळ तिथंच संपला असता.

त्याच शर्यतीत फेब्रुवारी १९८२ मध्ये ज्यूली मॉस नावाची तेवीस वर्षांची विद्यार्थिनी उतरली होती. आपल्या अभ्यासाच्या प्रबंधासाठी म्हणून ती आली होती. शेवटच्या टप्प्यात ती आघाडीवर होती. रेषा अगदी जवळ आली असताना तिचे पाय गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. तेवढ्यात कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली आणि पहिली आली. ज्यूलीनं उरलेलं अंतर रांगत पार केलं. नंबर दुसरा आला. पण दूरचित्रवाणीवर ते रांगणं बघून कित्येक लोक या खेळाकडे वळले. नंबराच्या वहीत तिची गोष्ट ‘दुसरी’ एवढ्या एका शब्दात संपली असती.

परदेशातलं कशाला, आपल्या मातीतलं बघा. गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांना आपण १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या कांस्यपदकासाठी ओळखतो. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्याआधी चार वर्षांपूर्वी, १९४८ साली, ते लंडनला गेले होते आणि सहावे आले होते. ‘कितवा नंबर?’ ‘सहावा.’ आपल्या हिशेबानं गोष्ट तिथंच संपते. ती संपली नाही, कारण त्यांच्यामागे उभी राहणारी माणसं होती. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक आपण सगळेच मिरवतो. पण सहाव्या नंबरावर आलेल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारा प्राचार्य ही त्या गोष्टीतली तितकीच मोठी बाजू आहे, असं मी मानतो.

इथं कोणी म्हणेल, ‘अरे, नंबराशिवाय जग चालतं का?’ नाही चालत, हे मलाही माहीत आहे. पोलीस भरतीत १६०० मीटर धावताना सेकंद मोजतात, आणि गुणवत्ता यादीत एका गुणानं माणूस आत किंवा बाहेर होतो. आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना नोकरी हवी आहे आणि ती नंबरानंच मिळते. जागा पन्नास आणि उमेदवार पाच हजार असले की नंबर लावावाच लागतो. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं म्हणणं इतकंच, की नंबर हे वाटणीचं माप आहे, माणसाचं नव्हे. जिथं काही वाटायचंच नाही, तिथंही आपण तेच माप घेऊन का बसतो?

दुसरं कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा खेळ आहे. यातही तथ्य आहे. गोव्याला मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली अशी एक मोठी शर्यत सुरू झाली. तसल्या शर्यतींना येणाऱ्या काहींच्या सायकली लाखांच्या घरात असतात. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिचला पूर्ण पल्ल्याची शर्यत पुरी केली, त्याचं कौतुक आहेच, पण झुरिचचं तिकीट आपल्याला कुठलं परवडणार! तथापि पोहणं, सायकल आणि धावणं या तिन्ही गोष्टी मुळात कोणाच्या आहेत? विहीर आमची, नदी आमची, कामावर सायकलनं जाणारे बाप आमचे आणि एस.टी.मागे धावणारी पोरं आम्हीच! महाग आहे ते वरचं नटणं. तेवढं बाजूला ठेवलं, तर कॉलेजच्या पातळीवर हे सगळं होऊ शकतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जिमखान्याच्या भिंतीवर ढाली आहेत, करंडक आहेत, विद्यापीठात चमकलेल्यांचे फोटो आहेत. ते असलेच पाहिजेत. पण जिमखान्याचं दार उघडतं ते संघात निवड झालेल्यांसाठी. निवड चाचणीत जे मागे पडले, त्यांना मैदानाची गरज संपली असं आपण धरून चालतो. वस्तुतः त्यांनाच ती जास्त आहे.

आणि हे केवळ मैदानापुरतं नाही. गेल्या वर्षी भाग एकला आम्ही चौघे एका बाकावर बसत होतो. आज त्या बाकावर दोघे आहोत. एकाचे दोन विषय राहिले, तो वडिलांच्या जागी मागावर उभा राहिला. दुसऱ्याची आई आजारी पडली, पहिल्या सत्रानंतर तो आलाच नाही. दोघांचंही डोकं माझ्याहून चांगलं होतं. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचा सत्कार आपण शाल घालून केला, योग्यच केला. पण ज्यांच्या तारा तुटल्या, त्यांच्या घरी कोणी गेलं का? त्यांची नावं आज कोणत्या वहीत आहेत? हजेरीपटावरून नाव गळतं, तेव्हा त्याचा आवाज होत नाही.

त्या शर्यतीत माझ्यामागून वीस किलोमीटर जी गाडी चालत होती, तिच्याविषयी मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. गाडीतल्या माणसानं मला एकदाही ‘बस आत’ म्हटलं नाही. दोनदा पाणी दिलं. चिप सोडून घेतल्यावर तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “चाक बांधून घ्या. पुढच्या वर्षी भेटू.” मला ‘अहो’ म्हणून बोलणारा तो त्या दिवसातला पहिला माणूस. दर शर्यतीत अशी गाडी ठेवतात, कारण कोणीतरी मागे राहणार हे त्यांनी आधीच धरलेलं असतं. आपल्या कॉलेजात पहिल्यासाठी व्यासपीठ आहे, शेवटच्यासाठी गाडी नाही.

म्हणून गुरुजनांना माझी नम्र विनंती आहे. जिमखान्याचं मैदान सकाळी दोन तास सर्वांसाठी खुलं ठेवावं, संघात असो वा नसो. वर्षातून एकदा अशी एक शर्यत घ्यावी, जीत नंबर काढायचेच नाहीत. दहा किलोमीटर, ज्यानं त्यानं आपल्या गतीनं, धावत किंवा चालत. पोचणाऱ्या प्रत्येकाचं नाव एका वहीत लिहावं आणि ती वही जिमखान्यात ढालींच्या शेजारी ठेवावी. दुसरी वही कार्यालयात ठेवावी, वर्ष अर्धवट सोडून गेलेल्यांची. पत्ता त्यांनी प्रवेशाच्या वेळी दिलेलाच आहे. जूनमध्ये एखादं पोस्टकार्ड, एखादा फोन, ‘पुढच्या वर्षी भेटू’ एवढंच. सगळे येणार नाहीत. पण दोन आले तरी दोन घरांतलं एक अपूर्ण काम पुरं होईल.

आणि मित्रहो, आपल्याला सांगायचं ते एवढंच. ते दोघे जिथं राहतात, ती गावं आपल्याला माहीत आहेत. दुसऱ्या सत्राची परीक्षा संपली की मी एका रविवारी सायकलवरून तिकडे जाणार आहे. राहिलेल्या विषयांचे फॉर्म भरायची तारीख आणि माझ्या वह्या त्यांना द्यायच्या आहेत. दोन्ही गावं मिळून जाऊन येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतील. ज्यांच्याकडे सायकल असेल त्यांनी बरोबर यावं.